खालच्या कोपऱ्यातलं पाणी

हिरवं पाणी आधी बार्टलीला दिसलं. रविवारी तो आईच्या कबरीवरचं गवत काढायला गेला होता. परतताना त्याने मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत ते पाणी भरून घेतलं आणि स्वतःच्या घरी न जाता थेट शेजारच्या मॅलकी गॉर्मलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"हे ओळखतोस?"

मॅलकीने बरणी उजेडाकडे धरली. आत कुणी दिवा लावल्यासारखं पाणी पेटून उठलं. त्याने ओळखलं. त्याच आठवड्यात कौन्सिलची बाई येऊन गेली होती. तिने चिमुकल्या बाटलीतला हिरवा रंग त्याच्या संडासात ओतला, वरून पाणी सोडलं आणि म्हणाली, "संडासाची टाकी गळत असेल तर कळेल. विहिरीवर लक्ष ठेवा." त्याने विहिरीवर लक्ष ठेवलं होतं. विहीर स्वच्छ होती. सुटलो, असं त्याला वाटलं होतं.

"कुठं सापडलं?"

"दफनभूमीच्या खालच्या कोपऱ्यात. माझी आई निजलीय तिथं," बार्टली म्हणाला. "आणि तुझी बायको. शेजारी शेजारी, तुझ्या संडासाच्या पाण्यात."

मध्ये अख्खी टेकडी आहे, असं मॅलकी म्हणेल आणि मग आपण भांडू, अशा तयारीने बार्टली आला होता. पण मॅलकी बरणीकडेच बघत राहिला. बार्टलीचा राग हातातच राहिला. "बरणी ठेव तुझ्याकडेच," तो म्हणाला. "मला परत नको."

त्या मुलखात टेकडी मध्ये असून काही उपयोग नव्हता. तिथं नदी नाही, ओढा नाही. पाऊस पडतो तो चुनखडीच्या भेगांतून खाली जातो, आणि हिवाळ्यात वाटेल तिथून वर येतो. मॅलकीच्या घराखालच्या खोलगटात उन्हाळ्यात मेंढ्या चरायच्या आणि हिवाळ्यात त्याच गवतावर हंस तरंगायचे. पाणी येताना कुणी पाहत नसे. सकाळी उठावं तर कुंपणाचे खांब गुडघ्यापर्यंत बुडालेले असत.

मॅलकीची बायको डिंपना फेब्रुवारीत गेली. वरची दफनभूमी भरलेली होती, म्हणून तिला खालच्या कोपऱ्यात जागा मिळाली. त्यांच्या मुलीने, ऊनाने, वेताची शवपेटी निवडली होती. आईला टोपल्या विणायचा नाद होता, म्हणून. खांदा देताना पेटी इतकी हलकी लागली की आत कुणी नाहीच असं मॅलकीला क्षणभर वाटलं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फिंटन आला. तो जेसीबी चालवायचा. आजूबाजूच्या बहुतेक टाक्या त्यानेच पुरल्या होत्या आणि त्यानेच पुन्हा उकरल्या होत्या. दोघांनी पहार घालून जुन्या टाकीचं झाकण सरकवलं. वास आला, पण जेवढा यायला हवा तेवढा नाही.

"कधी उपसली होतीस?"

"फादर घरी मिस्सेच्या प्रार्थनेला येतात तेव्हा. आपल्या घराची पाळी आली की त्याच्या आधी."

"एरवी कधी भरली नाही?"

"नाही. डिंपना म्हणायची, आपली टाकी गुणाची आहे."

"गुणाची कसली? हिला तळच नाही."

मॅलकी वाकला. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघांनी मिळून ती बांधली होती. तो विटा लावायचा, डिंपना कालवून द्यायची. चार भिंती झाल्या आणि सिमेंट संपलं. खाली खडकच तर आहे, म्हणून तळ तसाच सोडला होता. आता त्या खडकात भेग दिसत होती. पंजा जाईल एवढी.

फिंटन सिगारेट ओढत होता. त्याने हात खाली केला आणि सिगारेटचा धूर वर जायचा तो सरळ खाली वळला, दोरी सोडावी तसा भेगेत गेला.

"ओढतेय," फिंटन हळू आवाजात म्हणाला.

दोघं बघत राहिले. थोड्या वेळाने तोच धूर भेगेतून परत वर आला. गार, ओलसर, मॅलकीच्या तोंडावर. मग पुन्हा आत गेला.

फिंटनने सिगारेट फेकली आणि झाकण ओढून घेतलं. "जमिनीतलं पाणी वरखाली होतं ना, त्याची हवा असते ती," तो म्हणाला. पहार उचलून गाडीत टाकताना त्याने तेच पुन्हा एकदा सांगितलं.

कोणती टाकी घ्यायची यावर स्वयंपाकघरात बसून खल झाला. टेबलाच्या एका बाजूला फिंटन, दुसऱ्या बाजूला बार्टली. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण काम होतंय की नाही हे बघायला तो रोज येत होता. मधे फोन ठेवला होता आणि त्यातून गॉलवे शहरातली ऊना बोलत होती.

"पोलादी नको," फिंटन म्हणाला. "माझ्या मामाने बसवली होती. वरून रंग शाबूत आणि आतून बिस्किटाच्या डब्यासारखी गंजलेली. गाईचा पाय आत गेला तेव्हा कळलं."

"गाय धुऊन निघाली," बार्टली म्हणाला. "मामाच्या अंगाला अजून वास येतो."

"बाबा, फायबरची घ्या," ऊना फोनवरून म्हणाली. "गंजत नाही, किडत नाही."

"पण अंगाने पातळ असते, ऊना. पुरताना एक टोकदार दगड टेकला की चीर. आणि तुझ्या बापाच्या रानात माती कमी, दगडच जास्त."

"मग प्लास्टिकची," बार्टली म्हणाला. "माझ्या भावाकडे आहे. दोघांनी खांद्यावर घालून आणली. क्रेन नाही, काही नाही. हलकी फुलासारखी."

"हलकी आहे हेच तर तिचं दुखणं." फिंटनने कप खाली ठेवला. "मला विचारशील तर, मॅलकी, सिमेंटची घे. जड असते. एकदा बसली की बसली, मग खालून कितीही पाणी येऊ दे."

"ती इथं येणार कशी?" मॅलकीने विचारलं.

हा प्रश्न होताच. हिवाळ्यातल्या पाण्यासाठी वाटेवर बांधलेला दगडी पूल एका ट्रॅक्टरपुरता होता. टाकी आणि क्रेन घेऊन येणारा ट्रक त्यावर चढला तर पूलही गेला असता आणि ट्रकही.

"शेतांतून आणता येईल, दोन तुकड्यांत," फिंटन म्हणाला. "पण जमीन वाळायला हवी, आणि यंदा पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पुढच्या उन्हाळ्यात बघू."

"आणि तोवर?"

"तोवर वापर कमी कर."

"संडास मी बंदच केलाय."

फोनमधून ऊनाचा आवाज आला, "म्हणजे? बाबा, मग तुम्ही जाता कुठं?"

"मागच्या शेतात. फावडं आहे."

बार्टलीने खिडकीबाहेर पाहिलं. फिंटन कपातली उरलेली पत्ती बघत राहिला. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन दिवसांची दाढी वाढलेली, लेकीला आणि शेजाऱ्यांना आपण कुठं बसतो ते सांगत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"बाबा, तुम्ही इकडं या," ऊना म्हणाली. "आजच्या आज. मी येते न्यायला."

"आंघोळीचं जातंच," मॅलकी तिला नाही, टेबलाला सांगत असल्यासारखा म्हणाला. "भांड्यांचं जातं. रोज थोडं जातं तिच्याकडे. मी गॉलवेत येऊन बसलो तरी जे खाली साचलंय ते जात राहणार. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाही थांबता येणार मला."

असं प्लास्टिकचं ठरलं.

फिंटनने खड्डा घेतला, बारीक वाळूचा थर घातला आणि टाकी उतरवली. खरोखरच दोघांनी उचलली. निथळलेलं पाणी माळावरच्या मातीच्या उंच वाफ्यात जाईल अशी पुढची सोय केली. जुन्या टाकीतला गाळ ट्रॅक्टरमागच्या टँकरने काढून नेला आणि भेगेवर काँक्रीट ओतलं. ते बराच वेळ खाली जात राहिलं. फिंटन दर खेपेला म्हणायचा, "आता बसेल," आणि पुन्हा मिक्सर सुरू करायचा.

नवी टाकी त्याने लगेच पाण्याने भरली. "हिला कधी रिकामी ठेवायची नाही," तो जाताना म्हणाला. "आतलं पाणी हेच हिचं वजन. ऐकलंस ना?"

"ऐकलं," मॅलकी म्हणाला. आणि त्याने ऐकलं होतं.

घरातल्या मिस्सेची पाळी शरदात आली. त्या वस्तीत ती घराघराने फिरते. फादर येतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सा होते, आणि मग अख्खी वस्ती त्याच घरात चहा पिते, खाते आणि उशिरापर्यंत बसते. ऊना म्हणाली, यंदा सोडा, कुणी नावं ठेवणार नाही. मॅलकीने सोडली नाही. डिंपनाने कधी पाळी सोडली नव्हती.

त्याने सगळं तिच्या क्रमाने केलं. आधी फाटकाला रंग. मग धुराडं साफ. मग पडदे उतरवून धुतले, आणि ते परत कसे लावायचे हे न समजून खुर्चीवर उभा राहून एक सकाळ घालवली. मग कपाटातले चांगले कप काढले. डिंपनाचा क्रम मनात गाण्यासारखा चालला होता, एक झालं की पुढचं आपोआप यायचं. कपांनंतर टँकर यायचा. वस्ती येणार, सगळे चहा पिणार, टाकीवर ताण येणार, म्हणून आदल्या आठवड्यात टाकी उपसायची. त्याने फोन केला.

टँकरवाल्याने झाकण उघडलं. "नुसतं पाणीच आहे हो, गाळ नाहीच. कशाला उपसायची?"

"उपसा," मॅलकी म्हणाला. "मिस्सा आहे."

टँकरवाल्याने खांदे उडवले आणि टाकी कोरडी केली.

मग पाऊस लागला. थेंब मोठे नव्हते, जोर नव्हता, फक्त थांबत नव्हता. खोलगटात पाणी आलं. एरवी नाताळच्या सुमारास येणारे हंस आत्ताच येऊन बसले होते आणि घराकडे तोंड करून होते. सिंकमधून आवाज येऊ लागला. कुणी शेजारच्या खोलीत बोलायच्या आधी घसा साफ करावा तसा. मॅलकी भांडी धुताना हात थांबवायचा. पहिल्या दिवशी तो नुसता ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आहे मी इथंच."

मिस्सेच्या दिवशी स्वयंपाकघर माणसांनी भरलं. ओल्या कोटांचा, हॅमच्या सँडविचचा आणि मेणबत्तीचा वास कोंदला होता. फादर लायडन टेबलाच्या मागे, खिडकीकडे पाठ करून उभे होते. पुढे गुडघे टेकलेल्या लोकांना त्यांच्या खांद्यांवरून मागचं अंगण दिसत होतं.

"या घरातून निघून गेलेल्या डिंपनासाठी," फादर म्हणाले.

सिंक घटाघटा बोललं. जवळच्या बाईने क्रूसाची खूण केली. ऊनाने बापाचा हात धरला.

मॅलकी खिडकीतून बघत होता. अंगणातलं गवत फुगत होतं. आधी त्याला वाटलं, डोळ्यांत पाणी आलंय. गाय व्यायला आली की तिची कूस आतून सरकते तसं गवत सरकलं, ताणलं आणि मधोमध फाटलं. काचेतून आवाज काही आला नाही. काळी, ओली, गोल पाठ हळूहळू वर आली. तिच्यावरून मातीचे गोळे घरंगळले. फादरनी भाकर उंच धरली होती, आणि एकाही माणसाचं लक्ष भाकरीकडे नव्हतं.

मग खाली कुठंतरी पाइप तुटला. घर पायापासून हादरलं. कपाटातले चांगले कप एकमेकांवर वाजले.

"फादर, थांबा जरा," बार्टली गुडघ्यांवरूनच म्हणाला. "तुमच्या मागे काहीतरी उठलंय."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. फादर वळले. मॅलकी तोवर दारातून बाहेर पडला होता. लोकांना वाटलं तो वर आलेल्या टाकीकडे गेला. पण टाकीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो टेकडी चढत होता, रविवारचे बूट घालून, चिखलात घसरत, हातांनी गवत धरत. फुलासारखी हलकी, असं बार्टली म्हणाला होता. वेताची पेटीही फुलासारखीच होती.

दफनभूमीच्या खालच्या कोपऱ्यात पाणी भिंतीच्या आत आलं होतं. डिंपनाची कबर अजून पाण्याबाहेर होती, पण तिची माती दम धरल्यासारखी गच्च दिसत होती. ती कालपेक्षा उंच आहे की नाही, हे त्याला सांगता येईना. तो तिच्यावर चढला. दोन्ही पाय रोवले आणि उभा राहिला. तळव्यांखाली काहीतरी मंद ढकलत होतं. ते त्याचंच रक्त होतं, की पाणी, की आणखी काही, ते त्याला कळत नव्हतं.

ऊना धापा टाकत आली तेव्हा त्याचे बूट घोट्यापर्यंत रुतले होते.

"बाबा, उतरा. आईवर उभे आहात तुम्ही."

"तूही ये."

"बाबा."

"ये गं वर. माझं एकट्याचं वजन पुरत नाहीये."

ऊना रडत होती. तिने त्याला खाली ओढायला हात पुढे केला, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिने बूट काढले, वर चढली आणि त्याच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. पाऊस दोघांच्या मानांवरून आत उतरत होता.

वस्तीतली माणसं भिंतीशी येऊन थांबली होती. बार्टली एकटा आत आला. तो आईच्या कबरीपाशी गेला, इकडेतिकडे पाहिलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं समजून हळूच एक पाय कबरीवर ठेवला.

तो हिवाळा मॅलकीने बादलीवर काढला. आंघोळीचं पाणीसुद्धा तो घमेल्यात धरायचा आणि माळाच्या माथ्यावर नेऊन टाकायचा, जिथून ते कुठं जाईल तर पलीकडच्या रानात जाईल. बादली घेऊन जाताना वाटेत कुणी भेटलं तर दोघंही हवामानावर बोलायचे. प्लास्टिकची टाकी अंगणात आडवी पडून होती. हंस पाण्यातून बाहेर येऊन तिच्या आडोशाला बसायचे. ऊना दर शनिवारी यायची, बापाच्या फुटलेल्या बोटांना मलम लावायची आणि विचारायची, "येताय?"

"टाकी बसू दे," तो म्हणायचा. "मग बघू."

पुढचा उन्हाळा खरोखर उन्हाळा निघाला. जमीन भेगाळली. फिंटनने सिमेंटच्या टाकीचे दोन तुकडे ट्रॅक्टरमागे घालून शेतांतून आणले. बार्टलीने न विचारता आपल्या कुंपणाचे खांब उपटून वाट करून दिली. खालचा तुकडा उतरवला, कडेला पाणी अडवणारा काळा डांबरी पट्टा लावला, वरचा तुकडा बसवला. आतून सांधा पुन्हा लिंपायला मॅलकी स्वतः उतरला. फिंटन नको म्हणाला, पण ऐकणार कोण?

आत थंड होतं. झाकणातून एक गोल उजेड पडत होता. मॅलकीने गुडघ्यांवर बसून, बोटं दाबून, सांधा फिरता फिरता पूर्ण लिंपला. एक इंचही सोडला नाही. मग त्याने भिंतीला कान लावला.

"डिंपना," तो म्हणाला.

आवाज भिंतींवरून फिरला आणि परत आला, त्याचाच, पण जरा उशिरा.

"कुणाशी बोलतोयस रे?" फिंटनने वरून विचारलं.

"कुणाशी नाही. हात दे."

टाकी पाण्याने भरली. फिंटनने पातळीपाशी खडूने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेवरच होतं. त्याने मॅलकीच्या पाठीवर थाप मारली. "ही आता तू गेल्यावरही जागची हलायची नाही."

शरद आला. पाऊस आला. खोलगट भरलं आणि हंस उतरले. मॅलकी सिंकपाशी उभा राहिला. त्याने नळ सोडला, बंद केला. पाणी निमूट खाली गेलं. त्याने वाट पाहिली. पाइप गप्प होता. संडासात जाऊन ऐकलं. तिथंही काही नव्हतं. इतकी शांतता त्या घरात डिंपना गेली त्या दिवशीही नव्हती.

त्याने कोट घातला आणि टेकडी ओलांडली. खालच्या कोपऱ्यात पाणी आलं होतं, भिंतीपासून कबरीपर्यंत, पातळ आणि स्वच्छ. तळाचं गवताचं एकेक पातं दिसत होतं. बार्टली आईच्या कबरीशी काहीतरी खुरपत होता.

मॅलकीने गुडघे टेकले, ओंजळ भरली आणि प्याला.

"अरे ए! काय करतोयस?" बार्टली खुरपं टाकून आला. "दफनभूमीतलं पाणी ते!"

मॅलकीने ते तोंडात घोळवलं आणि गिळलं. पुन्हा ओंजळ भरून प्याला.

बार्टली वाकून पाण्यात बघू लागला. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "काय लागतं?"

"काही नाही."

"वास?"

"नाही."

"मग झालं तर. हेच हवं होतं ना तुला? आता काही जात नाही तुझ्याकडून इकडे."

"हो," मॅलकी म्हणाला. "काहीच जात नाही."

पाणी त्याच्या गुडघ्यांभोवती हळूहळू चढत होतं. बार्टलीने त्याला उठवायला हात पुढे केला. मॅलकीने तो धरला नाही. तो वाकला आणि ओंजळ न करता, तोंड लावूनच, आणखी एकदा प्याला.